फोनातल्या बाई आणि ज्ञानाचा रणू

एका गावात एक भोळा बाप राहत होता. त्या गावात शहाणे बापही पुष्कळ होते, पण शहाण्यांची गोष्ट ऐकायला कोण बसतं? ह्या बापाचं नाव ज्ञानदेव. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तसला प्रकार. गाव त्याला नुसतं ज्ञाना म्हणायचं. 'थांब जरा, आलोच' असं म्हणून कुणी गेलं, तर ज्ञाना दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथंच उभा सापडायचा.

ज्ञानाला चार वर्षांचा मुलगा होता. रणजीत नाव, लाडानं रणू. रणू दिसायला गोड होता. गोडवा तिथंच संपायचा. ताट भिरकावणं, बाजारात भररस्त्यात लोळण घेणं, ही त्याची रोजची कामं. आणि आवडीचं काम म्हणजे चावणं. अंगणवाडीत खिचडी कमी पडली की तो शेजारच्याला चावायचा, आणि खिचडी उरली तरी चावायचा. शेवटी अंगणवाडीतून निरोप आला की थोडे दिवस पोराला घरीच ठेवा, बाकीच्या लेकरांना जरा बरं होऊ द्या.

पण ज्ञानाचा फार जीव होता त्याच्यावर. रणूची लाथ पोटावर बसल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही.

एकदा रणूचे आजोबा, म्हणजे ज्ञानाचे सासरे अण्णा, नातवाला भेटायला आले. करारी माणूस. जीपमधून उतरले आणि 'पापा दे रे' म्हणून खाली वाकले. रणूनं कान चावला.

अण्णा कानाला हळद लावून ओट्यावर बसले आणि लेकीला म्हणाले, "सुवर्णे, पोरगं हाताबाहेर चाललंय. येत्या रविवारी मी परत येतो. तवर वळण लागलं तर ठीक. नाहीतर मी त्याला आपल्या गावी नेणार आणि तिथंच शाळेत घालणार. माझा शब्द म्हणजे शब्द."

सुवर्णाला पोर द्यायचं नव्हतं. पण रोज उठून कुणाच्या ना कुणाच्या दारात माफी मागायला जायचं, त्याचाही तिला वीट आला होता. अण्णा गेल्यावर ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "अहो, कायतरी करा. माझं लेकरू जाईल हो."

ज्ञानानं हातातला घास ताटात ठेवला. पाणी पिऊन तो म्हणाला, "मी करतो."

सगळं बिघडलं ते इथून.

अंगणवाडीच्या छबूताईंना त्याची दया आली. त्या म्हणाल्या, "ज्ञाना, हल्ली मोबाइलवर आईबापांची शाळा असते. रोज संध्याकाळी एक धडा येतो. लेकरू हट्ट करतं, मारतं, चावतं, तेव्हा काय करायचं ते एक बाई सांगतात. तुझ्या फोनात मी घालून देते. पण एक लक्षात ठेव. बाई सांगतील तसंच करायचं. आपली अक्कल लावायची नाही."

"ती नाही लावत मी," ज्ञाना म्हणाला. आणि हे खरं होतं.

संध्याकाळी फोन वाजला. ज्ञानानं हातपाय धुतले, टोपी घातली आणि फोन पाटावर ठेवून समोर मांडी घातली.

"पालकहो," बाई म्हणाल्या, "चांगलं वागणं दिसलं की लगेच कौतुक करा. नुसतं 'शहाणा' म्हणू नका. नेमकं काय चांगलं केलं, ते सांगा. समजलं असेल तर एक दाबा. समजलं नसेल तर दोन दाबा."

ज्ञानानं एक दाबला. दोन दाबला तर बाईंना वाईट वाटलं असतं.

सकाळी रणूला खांद्यावर घेऊन तो बाहेर पडला. अंगणवाडी बंद, मग पोर जाणार कुठं? बघतो तर त्याची म्हैस दावं तोडून शेजारच्या केरूनानांच्या मेथीत उभी. ज्ञाना बांधावर बसला आणि जरा वेळ नीट बघत राहिला. मग मोठ्यानं म्हणाला, "वा! किती चावून चावून खातीयस! आणि ओळीनं! एक वाफा संपवल्याबिगर दुसऱ्याला तोंड लावलं नाहीस!"

म्हशीनं कान हलवले आणि तिसरा वाफा धरला.

केरूनाना काठी घेऊन धावत आले. "ज्ञान्या, म्हैस हाकल!"

"नाना, किती जोरात पळालात ह्या वयात! धोतरसुद्धा सुटलं नाही!"

काठी म्हशीवर बसायची ती ज्ञानावर बसली. रणू खांद्यावरून खदाखदा हसला.

छबूताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, म्हशीचं कसलं कौतुक? तिथं हाकलायचं असतं. अन् हे सगळं लेकरासाठी आहे रे!"

"असं होय!" ज्ञाना म्हणाला. "आता चुकायचं नाही."

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "लांबून ओरडू नका. जवळ जा. खाली बसा. डोळ्यांत डोळे घालून, हळू आवाजात, थोडक्या शब्दांत सांगा."

ज्ञानानं एक दाबला.

दुसऱ्या दिवशी केरूनानांच्या हातून बिडीची ठिणगी पडली आणि त्यांच्याच कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. पहिल्यांदा दिसलं ते ज्ञानाला. दुसरा कुणी असता तर बोंबलत सुटला असता. ज्ञाना तसला नव्हता. तो चालत नानांच्या घरी गेला. नाना जेवत होते. ज्ञाना त्यांच्यासमोर उकिडवा बसला, डोळ्यांत डोळे घातले आणि हळूच म्हणाला, "नाना, गंजी पेटली."

"काय? मोठ्यानं बोल की!"

"मोठ्यानं नाही बोलायचं. गंजी पेटली."

नानांना वाटलं, ह्याला भूक लागली असंल. त्यांनी ताटातली भाकरी पुढं केली. ज्ञानानं ती खाल्ली आणि पुढच्या घरी गेला. तिथंही उकिडवा बसला. असं करत करत तो पार मारुतीच्या देवळापर्यंत पोचला. रणूही त्याच्या शेजारी उकिडवा बसून लोकांच्या डोळ्यांत बघत होता. शेवटी सुवर्णाला धूर दिसला आणि ती बोंबलली, म्हणून अर्धी गंजी वाचली.

"अरे, आग लागल्यावर कुणी कुजबुजतं का?" छबूताई म्हणाल्या. "तिथं आधी माणसाला मदत करायची. काय हवं ते विचारायचं. पाणी आणू का माती आणू?"

"असं होय! आता चुकायचं नाही."

आणि बोलाफुलाला गाठ पडली. संध्याकाळी बाईंनी धडा दिला, "हुकूम सोडू नका. दोन पर्याय द्या. निवड त्याला करू द्या. त्यानं निवडेपर्यंत शांतपणे वाट पाहा."

आता ज्ञानाच्या आळीत संकट यायचं म्हणजे ते केरूनानांवरच यायचं, असं जणू ठरून गेलं होतं. सकाळी नाना विहिरीवर गेले, शेवाळावरून पाय घसरला आणि धपकन पाण्यात. पाणी छातीएवढंच होतं, पण थंड होतं. ज्ञाना काठावर आला. रणूही आला. दोघांनी आत वाकून पाहिलं.

"ज्ञान्या, काढ मला!"

"नाना, दोराला धरून येणार का शिडीवरून?"

"कशानंबी काढ!"

"तसं नाही. दोन्हीतलं एक तुम्ही निवडायचं."

"आरं, शिडी! शिडी आण!"

"शिडी नाही."

"मग इचारलीस कशाला?"

"दोन पर्याय द्यायचे असतात, नाना."

"मंग दोर टाक मुडद्या!"

"आता कसं!" ज्ञाना खूश झाला आणि दोर आणायला घरी गेला. नाना बाहेर आले ते हुडहुडी भरूनच. दोन दिवस त्यांनी गोधडी सोडली नाही. नाना अंथरुणाला खिळले म्हणताच आळीतल्या बायकांनी ज्ञानाला बघून दारं लावून घ्यायला सुरुवात केली.

सुवर्णा रात्री म्हणाली, "अहो, रविवार तोंडावर आला. तुम्ही गावभर काय करत फिरताय? पोराचं काय?"

"रोज शिकतोय की मी," ज्ञाना म्हणाला.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ह्या सगळ्या दिवसांत रणू कुणालाही चावला नव्हता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाप बरोबर, आणि रोज बापाची नवीन गंमत. लोळण घ्यायला त्या पोराला सवड होती कुठं?

पुढचा धडा आला. "मूल लक्ष वेधून घ्यायला हट्ट करत असेल, तर विनवण्या करू नका, आमिष दाखवू नका. सरळ पाठ फिरवा. त्याच्याकडे बघूच नका. आपोआप ताळ्यावर येईल."

ज्ञानानं एक दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर दौलतआबांचं दहावं होतं. आबा नव्वदी गाठून, नातवंडं-पतवंडं बघून सुखानं गेले होते. वाळूत पिंड ठेवला होता आणि सगळं गाव कावळ्याची वाट बघत होतं. कावळा शिवला तर आबांचा आत्मा तृप्त. नाही शिवला तर मागं काहीतरी राहिलं. कावळा होता. समोरच्या बाभळीवर बसून मान वाकडी करून सगळ्यांकडे बघत होता. खाली मात्र येईना.

थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "आबा, धाकट्या नातीचं लगीन थाटात करू." कावळा जागचा हलेना. धाकटा म्हणाला, "आबा, मळ्याची वाटणी नाही करणार. एकत्र राहू." थोरल्यानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. कावळ्यानं पंख खाजवला. ऊन चढलं. भटजी घाम पुसायला लागले. आबांची म्हातारी अनुसयाबाई रडकुंडीला आली.

ज्ञानाला राहवेना. तो उठून उभा राहिला. "अशानंच लाडावतोय तो," तो म्हणाला. "विनवण्या कशाला करता? आमिष कशाला दाखवता? सगळ्यांनी पाठी फिरवा. कुणी बघायचं नाही."

एरवी ज्ञानाचं कुणी ऐकलं नसतं. पण उपाशीपोटी माणूस कुणाचंही ऐकतो. सगळ्या गावानं पाठ फिरवली. भटजींनीही फिरवली. जरा वेळानं मागं मचमच आवाज आला.

"आला, आला!" थोरला म्हणाला. सगळे वळले.

कावळा बाभळीवरच होता. पिंड शेळी खात होती.

भटजींनी पोथी उघडली, चाळली, मिटली. तेवढ्यात अनुसयाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. जल्मभर माझ्यापरीस शेळ्यांवर जीव होता त्यांचा. शेळीच यायची." आणि त्या हसायला लागल्या. मग सगळं गाव हसलं आणि जेवायला उठलं.

छबूताई मात्र हसल्या नाहीत. "ज्ञाना, आता माझ्या अंगणवाडीच्या बाजूला फिरकूसुद्धा नकोस," त्या म्हणाल्या. "आणि पाया पडते, उरलेले धडे तरी घरच्या माणसांवरच लाव."

"असं होय!" ज्ञाना म्हणाला. "घरच्याच माणसांवर. आता चुकायचं नाही."

शनिवारी संध्याकाळी बाई म्हणाल्या, "मूल फारच आदळआपट करायला लागलं, तर मारू नका. शांत जागी बसवा. जितकी वर्षं वय, तितकी मिनिटं. तोवर कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. वेळ संपली की जवळ घ्या आणि झालं गेलं विसरून जा."

रविवारी अण्णांची जीप आली. ती थांबली ती नेमकी केरूनानांच्या दारात. नानांनी गोधडीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हैस, गंजी, विहीर, शेळी, सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिथून अण्णा तरातरा घरात आले. त्यांनी फेटा खाटेवर आपटला. पाण्याचा तांब्या लाथेनं उडवला.

"जावईबापू! पोराला वळण लावायला सांगितलं होतं, तर तुम्ही गाव पेटवलंत! आणा त्या पोराला इकडं! आत्ता नेतो! एक मिनिट ठेवत नाही!"

सुवर्णा दाराला टेकून उभी राहिली. तिनं ज्ञानाकडे पाहिलं. ज्ञाना अण्णांकडे बघत होता. आपटलेला फेटा त्यानं पाहिला, गडगडत गेलेला तांब्या पाहिला. माणूस घरचाच होता. शंकाच नको.

त्यानं अण्णांचा हात धरला, कोपऱ्यातल्या रांजणाशेजारी पाट मांडला आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"अण्णा, वय किती तुमचं?"

"सत्तर!" अण्णा ओरडले. "पण त्याचा इथं काय..."

"मग सत्तर मिनिटं. आता कुणी बोलायचं नाही."

अण्णांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कुणी कोपऱ्यात बसवलं नव्हतं. रागवावं कसं, तेच त्यांना समजेना. ते उठायला लागले, की ज्ञाना हळूच म्हणायचा, "अजून वेळ झाली नाही." सुवर्णानं तर भीतीनं डोळेच मिटून घेतले होते.

तेवढ्यात रणू आला. त्याला वाटलं, ही आजची गंमत. त्यानं आपला छोटा पाट ओढत आणला आणि आजोबांना चिकटून बसला. अण्णांनी तोंड उघडलं, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "शूऽऽ. बोलायचं नशतं." मग जरा वेळानं त्याची नजर आजोबांच्या कानाकडे गेली. तिथं अजून खूण होती.

"दुखतो?" रणूनं हळूच विचारलं.

अण्णांनी मान हलवली. रणू उठला आणि त्यानं कानावर फुंकर घातली. एकदा घातली, मग पुन्हा घातली. मग आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून गुपचूप पडून राहिला.

अण्णांची मिशी थरथरली. भिंतीकडे तोंड होतं ते बरंच झालं. वेळ संपल्यावर ज्ञानानं त्यांना मिठी मारली आणि म्हणाला, "झालं गेलं विसरलो. आता खेळायला जा."

अण्णा ओट्यावर येऊन बसले. मग खाकरून म्हणाले, "सुवर्णे, रडू नको. पोरगं शहाणं झालंय. मी नेत नाही त्याला. तुमच्याजवळच राहू दे."

सुवर्णाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं, आणि रव्याचा शिरा करायला आत पळाली. ज्ञानाचा आनंद तर घरात मावेना. त्यानं रणूला उचललं, फिरवलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

आणि फोन वाजला. शेवटचा धडा होता, म्हणून लवकर आला होता.

"पालकहो, चांगलं वागल्यावर बक्षीस द्या. विकतची वस्तू नको. मनापासून काय हवंय ते विचारा आणि लगेच द्या. उद्यावर ढकलू नका. बक्षीस मिळालं की ते चांगलं वागणं पुन्हा पुन्हा होतं."

ज्ञानानं एक दाबला. मग चांगलं कोण वागलं, ह्याचा त्यानं विचार केला. विचार करायला फार वेळ लागला नाही. तो ओट्यावर गेला.

"अण्णा, पाटावरून न उठता सत्तर मिनिटं बसलात. आता सांगा, तुम्हाला मनापासून काय हवं?"

अण्णा अजून हळवेच होते. ते हसले. "मला ह्या वयात काय हवं, जावईबापू? म्हातारपणी नातू मांडीवर असावा, एवढंच वाटतं."

"म्हणजे नेमकं काय?"

"आता नेमकं काय सांगू? आपला हा रणू!"

ज्ञानानं रणूला उचललं आणि जीपमध्ये नेऊन ठेवलं. त्याचे दोन सदरे ठेवले, चड्ड्या ठेवल्या, पाटसुद्धा ठेवला. अण्णा म्हणाले, "अहो, पण सुवर्णा..." ज्ञाना म्हणाला, "उद्यावर ढकलायचं नसतं, अण्णा." अण्णा डोळे पुसत जीपमध्ये बसले. त्यांना वाटलं, जावयाचं एवढं मोठं मन आपल्याला आजवर कळलंच नाही. रणूला तर हॉर्न वाजवायला मिळाला. जीप सुरू झाली, नदीच्या वळणाआड गेली, आणि हॉर्न ऐकू येईनासा झाला. तेव्हा ज्ञानाच्या पोटात मोठा खड्डा पडला. त्याला वाटलं, भूक लागली असेल.

सुवर्णा शिऱ्याच्या ताटल्या घेऊन बाहेर आली. तिनं ओट्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं.

"अण्णा कुठं गेले? रणू कुठंय?"

"दिला," ज्ञाना म्हणाला. "बक्षीस म्हणून. अण्णांना."

सुवर्णाच्या हातातल्या ताटल्या खाली पडल्या आणि ती मटकन बसली. तिनं असा हंबरडा फोडला की केरूनाना गोधडीसकट रस्त्यावर आले.

ज्ञाना तिच्याजवळ बसला. त्याच्या डोळ्यांतूनही पाणी यायला लागलं होतं, का ते त्याला कळत नव्हतं. पण बायकोला धीर तर द्यायला हवा. तो म्हणाला, "अगं, रडतेस कशाला? बाई काय म्हणाल्या, ऐकलं नाहीस का? बक्षीस मिळालं की पुन्हा पुन्हा तसंच वागतात. बघच तू. येत्या रविवारी अण्णा आपण होऊन येतील कोपऱ्यात बसायला."